गरम नळाचं काळं पाणी

पाणी काळं येऊन राहिलं होतं. गढूळ नाही, पिवळं नाही, काळं. अन् तेही फक्त गरम नळाचं. न्हाणीतला थंडा नळ सोडला की एकदम साफ, अन् त्याच्या बाजूचा सोलरचा नळ सोडला की शाई. एकाच भिंतीवरचे दोन नळ, मधात एका वितेचं अंतर! आता तुम्हीच सांगा, माणसाचं डोकं फिरणार नाही तं काय होईल?

माझं फिरलं. माझं तसंही लवकर फिरते असं घरचे म्हणतात, म्हणू द्या. या वेळेस कारण होतं. माझी मुलगी मंजुषा पहिल्या बाळंतपणाले माहेरी आली होती. पोरगी झाली होती तिले, अन् दवाखान्यातून घरी येऊन नऊ दिवस झाले होते. त्या एवढ्याशा जिवाले न्हाऊ घालाले असं पाणी?

जवाईबापू, म्हणजे भूषण, जवाहरनगरच्या फॅक्टरीत नोकरीले आहेत. सरकारी क्वार्टर, मोजकं बोलणं, चांगला माणूस. एका रविवारी येऊन लेकरू पाहून गेले, चहा घेतला, काही बोलले नाही. सोमवारी फोन आला.

"मामाजी, गरम पाणी काळं येते म्हणे तुमच्याकडं. जरा पाहून घ्या जी. पुढच्या रविवारपर्यंत नाही झालं तं मी मंजूले क्वार्टरवर घेऊन येतो. माझी आई येऊन राहील तिच्याजवळ."

मी फोन ठेवला अन् खाटेवर बसलो. आमच्यात बाळंतीण सव्वा महिना माहेरी राहते. सव्वा महिना! माझी आई राहिली, सुमित्रा राहिली, सगळ्याच राहिल्या. अन् माझी एकुलती एक पोरगी पंधरा दिवसांत चालली जाईल, कायच्यासाठी, तं पाण्यासाठी? मोहल्ल्यातले लोक काय म्हणतील ते म्हणोत, माझ्याच घशाखाली घास उतरला नसता. सकाळी उठून त्या लेकराचं तोंड पाहिलं नाही तं मले चहा गोड लागत नव्हता.

बरं, मी काही पाण्यातलं न समजणारा माणूस नाही. मी मधुकरराव, रंगारी. भंडाऱ्यात आमच्या घरी चार पिढ्या हातमाग चालला. माझा बाप कोशाचं रेशमी सूत रंगवे, त्याच्यामागं मी चाळीस वर्षं रंगवलं. आता मागच्या खोलीत एक माग उरला आहे, मन झालं तं बसतो. पण रंग अन् पाणी हे माझं काम. अन् माझ्याच घरच्या पाण्याले कोणता रंग चढला ते मलेच समजून नाही राहिलं, याच्यासारखी शरम नाही.

सोलर मीच बसवलं होतं, दिवाळीच्या आधी. आंगणातली चूल माझ्या हातानं सब्बलीनं फोडली. सुमित्रा, माझी बायको, दारात उभी राहून म्हणत होती, "अवो, बाळंतिणीचं पाणी चुलीवर तापवा लागते जी. त्याच्यात साल-पाला उकळावं लागते."

मी म्हणलो, "या घरात आता धूर होणार नाही. डॉक्टरीणबाई काय म्हणाली? साधं पाणी. नळ फिरवा अन् आंग धुवा."

ती आत चालली गेली. झालं, विषय संपला, असं मले वाटलं.

सोलरले थंडं पाणी देणारी एक छोटी टाकी वेगळी लागते, सोलरच्याही वर, उंचावर. घरच्या बाकी नळांची मोठी टाकी निराळी. फिटर म्हणे प्लास्टिकची घ्या. मी म्हणलो, कायले? आमच्या जुन्या रंगखोलीतली लोखंडी टाकी पडून होती, बापाच्या वेळची, चांगली जाड पत्र्याची. धुऊन पुसून तीच चढवली. दोन महिने पाणी मस्त येत होतं. मग मंजुषा दवाखान्यातून घरी आली अन् तीन-चार दिवसांत हे काळं सुरू.

सोमवारीच मी कैलाशले बोलावलं. कैलाश म्हणजे वरठीचा फिटर, सोलर त्यानंच लावलं. मोटारसायकलवर आला, वर गेला, सगळं पाणी सोडून दिलं, नळ्या धुतल्या, खाली आला.

"काकाजी, काही खराबी नाही जी. पाणी साफ हाय."

"साफ कसं असंल? सकाळी काळं होतं!"

"आता पाहा."

पाहिलं. साफ. मंगळवारी सकाळीही साफ. मी खुश. सुमित्राले म्हणलो, पाहिलं, माणूस मागं लागला की काम होते. बुधवारी सकाळी नळ सोडला अन् पुन्हा काळं!

मी कैलाशले फोनवर असा झापला की रस्त्यावरचा माणूस थांबून आत पाहाले लागला. तो बिचारा दुपारी पुन्हा आला. वर गेला. नळ सोडला. साफ!

"काकाजी, आज तं चांगलं येऊन राहिलं."

"म्हणजे मी खोटं बोलून राहिलो?"

"तसं कुठं म्हणलं जी?"

"मग कसं म्हणलं? तू आला की साफ, तू गेला की काळं! पाणी तुले भेते काय?"

मी आदल्या वेळचं काळं पाणी बाटलीत भरून ठेवलं होतं, पुरावा म्हणून. ती त्याच्या नाकासमोर धरली. त्यानं वास घेतला, तोंड वाकडं केलं अन् म्हणे, "सोलरच्या काचेच्या नळ्या बदलून पाहू." पाहू म्हणजे? उंटावरून शेळ्या हाकाचं काम! मी म्हणलो, खराबी काय आहे ते आधी सांग, मग बदल. त्याले सांगता आलं नाही.

पाणीपुरवठ्याच्या हाफिसात फोन लावला. तिथला बाबू शांतपणे म्हणे, "थंडं पाणी साफ येते ना जी? मग आमचं पाणी साफ आहे." आता याच्यावर काय बोलाल? त्याचं बरोबर होतं, म्हणून तं मले आणखी राग आला. मी फोनवर पंधरा मिनिटं बोललो.

सुमित्रा आतून आली. "हळू बोला जी, लेकरू आत्ताच झोपलं."

"मी ओरडून नाही राहिलो! माझा आवाजच असा आहे!"

खरंच आहे ते. जिंदगी मागाजवळ गेली. चार माग खटखट करत असले की बाजूच्या माणसाले बोलाले घसा फाडावा लागते. आमच्यातले सगळेच माणसं असे बोलतात. माग बंद पडले, पण घसा तं तोच राहिला ना?

घरात सुमित्राची मावसबहीण रुखमा येऊन राहिली होती, आंबागडची. मंजुषाची अन् लेकराची मालिश, शेक-शेगडी, न्हाणं, सगळं तीच पाहे. वय साठीचं, पण जंगलात मोहफुलं अन् हिरडा वेचून मोठी झालेली बाई, आजही झाडावर चढते. तिले मी विचारलं, "रुखमाबाई, तुम्ही रोज त्या पाण्यानं न्हाऊ घालता. तुमाले काय वाटते?"

"मी काय सांगू, भाऊजी," म्हणे. "पानी कोमट असलं म्हंजे झालं."

अन् सुमित्राकडं पाहून दोघी आत गेल्या. मी म्हणलो, वा! घर बुडून राहिलं अन् यायले कोमट-कडक पडलं आहे. घरात कोणाले काहीच चिंता नाही, सगळी चिंता मीच करावी. मंजुषाले विचारलं तं ती मान खाली घालून लेकराचं टोपडं ठीक करत होती. "होऊन जाईल बाबा," एवढंच म्हणाली.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. मी रोज सकाळी नळ सोडून पाहो अन् रोज आरडाओरडा करो. शनिवारी सकाळी आंगणात आलो तं दोरीवर लेकराचे लंगोट वाळत होते. माझ्या जुन्या धोतराचे फाडून केलेले, पांढरेशुभ्र. ते पांढरे राहिलेच नव्हते. सगळे राखाडी, कडेले निळसर काळे.

"हे काय केलं?"

"गरम पाण्यात धुतले जी," सुमित्रा म्हणाली. "दोन दिवसांपासून घासून राहिली. निघतच नाही."

निघतच नाही? मी एक लंगोट ओढला अन् उन्हात धरला. न्हाणीत उजेड कमी, बकेट निळी. पाण्यात तो रंग मले समजला नव्हता. पण कपड्यावरचा रंग रंगाऱ्याले नाही समजणार तं कोणाले? मी घरात जाऊन लिंबू कापलं अन् डागावर पिळलं. पाहता पाहता काळं उडालं अन् खाली पिवळा डाग राहिला.

हा तं माझ्या बापाचा काळा! पुडीतले रंग येण्याच्या आधी आमच्या घरी काळा असाच काढत. सूत आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवाचं, मग लोखंडाच्या पाण्यात. दोन्ही पाणी वेगळे असले तं काही नाही. एकत्र आले की असा पक्का काळा, धुऊन धुऊन कपडा फाटला तरी जात नाही. हजारदा केलं असंल मी ते. काखेत कळसा अन् गावाले वळसा! आठ दिवस मी फिटरले धरलं, हाफिसातल्या बाबूले धरलं, अन् लोखंड माझ्याच बापाच्या टाकीचं.

पण हिरडा? हिरडा काही आभाळातून पडत नाही.

गुडघे साथ देत नाहीत, तरी मी जिना चढलो. स्लॅबवरून टाकी ठेवलेल्या घोडीवर चढाले एक स्टूल लागला. तो स्टूल तिथं आधीच ठेवलेला होता! झाकण उचललं. आत तारेले बांधलेली एक पोटली लोंबत होती, सुमित्राच्या जुन्या पातळाची. वर ओढली तं काळं पाणी निथळलं, माझा हात कोपरापर्यंत काळा झाला. सोडून पाहिली. कुटलेला हिरडा, अन् त्याच्यात कडुनिंबाचा पाला.

"सुमित्राऽऽ!"

एवढा आवाज मी चार माग चालत होते तेव्हाही काढला नसंल. खाली लेकरू रडाले लागलं. ते मले ऐकू आलं, पण तेव्हा माझं तिकडं ध्यान नव्हतं.

दोघी बहिणी वर आल्या. मी पोटली त्यांच्यासमोर धरली. काय बोललो ते आता लिहीत नाही.

सुमित्रानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हो. मीच सांगितलं रुखमाले. बाळंतिणीचं पाणी आहे. चूल तुम्ही फोडली, मग कुठं उकळाचं? या टाकीचं पाणी फक्त न्हाणाले येते म्हणून यात सोडलं."

"अन् कैलाश यायचा तेव्हा?"

"तेव्हा काढून ठेवत होतो, अन् काळं पाणी नळानं सोडून देत होतो. त्यानं पाहिलं असतं तं तुमाले सांगितलं असतं."

"पाणी काळं झालं ते दिसलं नाही तुमाले?"

"सालीच्या पाण्याले रंग येतेच. आम्ही औषधाचा समजलो. लंगोट खराब झाले तेव्हा मले शंका आली."

"मग सांगाचं नाही मले? आठ दिवस मी पागलावानी फिरून राहिलो! पोरगी चालली जाईल उद्या, समजते का? मले काहून नाही सांगितलं?"

उत्तर रुखमानं दिलं.

"तुमाले सांगाले भेव लागते, भाऊजी," म्हणे. "अन् आमच्या गावात जर्मनच्या गंजात उकळतो हिरडा, अल्युमिनच्या भांड्यात, असं शाईवानी होत नाही. टाकीच्या लोखंडानं काळं होते हे आमाले कोनी सांगलं?"

टाकी मीच चढवली होती. म्हणून मी आणखी दोन मिनिटं ओरडलो.

पण काम केलं. कैलाशले बोलावलं, बापाची टाकी खाली उतरवली, प्लास्टिकची चढवली, सोलर तीनदा धुतलं. कैलाशले मी कारण सांगितलं तं तो हसू दाबत होता. मी म्हणलो, हस बाबा, तुझा हक्क आहे. आंगणात तीन विटा मांडून दिल्या अन् सुमित्राले म्हणलो, उकळा काय उकळाचं ते, पण जर्मनच्या गंजात. दुपारी मले न मागता चहा मिळाला.

रविवारी अकरा वाजेपर्यंत उन्हानं पाणी तापलं. मी पांढरा टब न्हाणीत ठेवला अन् नळ सोडला. तळाचा ओरखडा दिसे इतकं साफ पाणी! मन असं भरून आलं की काय सांगू. जिंकलो मी. आता सव्वा महिना माझी पोरगी माझ्या घरी.

बारा वाजता जवाईबापूंची गाडी आली. ते बैठकीत बसले, सुमित्रा पाणी द्याले गेली. मी टब दाखवाले त्यायले बोलावणारच होतो, तेवढ्यात मंजुषानं मले मागच्या खोलीत बोलावलं. लेकरू खांद्यावर झोपलेलं. मागाजवळ तिची बॅग ठेवली होती, भरलेली, चेन लावलेली.

"हे काय? पाणी साफ झालं ना बेटा! चल, दाखवतो तुले..."

"हळू, बाबा."

मी थांबलो.

"पाण्याचं तुमच्या जवाईले मीच फोन करून सांगितलं होतं," ती म्हणाली. "घेऊन जा म्हणून मीच म्हणलं."

"पण पाणी तं..."

"पाणी नाही जी बाबा." तिचे डोळे भरून आले होते. "ही दचकते. तुमचा आवाज आला की हातपाय ताठ करते, दूध सोडून देते. मग तासभर घेत नाही. काल तुम्ही वरून ओरडले तं सांजेपर्यंत पोटात काही गेलं नाही तिच्या. माझंही दूध कमी होऊन राहिलं. मी खूप सहन केलं, खरंच. आईले नाही सांगितलं, यायलेही नाही. यायच्या मनात तुमच्याबद्दल काही येऊ नये असं वाटलं. पाण्याचं कारण चांगलं होतं बाबा. तुमाले लागलं नसतं."

आठ दिवस मी जे खोदून काढत होतो, ते माझ्या पोरीनं माझ्यासाठी घातलेलं पांघरूण होतं. ते मीच ओढून फेकलं. अन् आता तिले हे माझ्या तोंडावर सांगावं लागलं.

म्हणावं वाटलं की मी नाही बोलणार जोरानं, राहून जा. पण साठ वर्षांत मी हे कितीदा म्हणलो अन् कितीदा पाळलं, ते मले माहीत अन् तिलेही माहीत. लेकराच्या पोटाचा प्रश्न होता. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, बॅग उचलली अन् बैठकीत आलो.

जवाईबापू हसत उठले. "मामाजी, पाणी ठीक झालं म्हणे! मामीजीनं सांगितलं आत्ता. मग बॅग कायले? राहू द्या तिले सव्वा महिना. मले फक्त पाण्याचीच काळजी होती."

सुमित्रा माझ्याकडं पाहून खुश होती. न्हाणीचं दार उघडंच होतं, टब तिथून चार पावलांवर. मंजुषा माझ्या मागं उभी होती. एक शब्द मी बोललो असतो तं ती राहिली असती. मुकाट्यानं राहिली असती, मले माहीत आहे.

मी न्हाणीचं दार ओढून घेतलं.

"नाही झालं जी ठीक," मी म्हणलो. "मले वाटलं होतं, पण आज पुन्हा काळं आलं. लेकराले घेऊन जा."

"काय म्हणाले, मामाजी? ऐकू नाही आलं."

मले जिंदगीत असं कोणी म्हणलं नव्हतं. मी जवळ गेलो अन् पुन्हा सांगितलं, तेवढ्याच हळू.